अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हाती आलेला कॅमेरा

हौशी छायाचित्रकारांच्या बैठकींना मी आवर्जून जातो. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी दिवाणखान्यात दहा-पंधरा माणसं जमतात. आणलेले फोटो टेबलावर मांडले जातात आणि चहा येईपर्यंत कुणाची लेन्स चांगली, कुणी फोटोची कडा कापायला हवी होती, याचा खल चालतो. अशाच एका बैठकीत मी माझ्या आजीचा फोटो ठेवला होता. खिडकीतल्या संध्याकाळच्या उजेडात काढलेला. लुगड्याचे काठ पुसट, केस धूसर, पण नजर अगदी आजीचीच. एका जाणकारांनी तो उचलला, चष्मा कपाळावर सरकवून पाहिला आणि शार्प नाही म्हणून बाजूला ठेवून दिला.

घरी परतताना मला ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंची आठवण झाली. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी लंडनमधल्या जाणकारांनी त्यांचेही फोटो असेच बाजूला ठेवले होते.

ज्युलियाचा जन्म ११ जून १८१५ रोजी कलकत्त्यातला. वडील जेम्स पॅटल ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत, आईचं घराणं फ्रेंच. पॅटल बहिणी देखण्या म्हणून कलकत्त्यात प्रसिद्ध होत्या. ज्युलिया तेवढी रूपानं साधी, पण बोलण्याचालण्यात सगळ्यांत तल्लख. शिक्षण बरंचसं फ्रान्समध्ये आजीकडे झालं. १८३६ मध्ये प्रकृती सुधारण्यासाठी ती दक्षिण आफ्रिकेच्या केपला गेली आणि तिथं तिला आयुष्याला वळण देणारी दोन माणसं भेटली. एक होते खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल. फोटो कायम टिकवणारं जे रसायन अंधारखोलीत हायपो म्हणून ओळखलं जातं, त्याचा गुण त्यांनीच शोधला होता. दुसरे चार्ल्स हे कॅमेरॉन, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे कायदेपंडित. १८३८ मध्ये कलकत्त्यात तिचं त्यांच्याशी लग्न झालं. मेकॉलेच्या ज्या विधी आयोगानं भारतीय दंडसंहितेचा मसुदा केला, त्याचे ते सदस्य होते. ही संहिता आपल्याकडे २०२४ पर्यंत चालली.

आडनावातच कॅमेरा असला, तरी हाती यायला त्याला पुढं पंचवीस वर्षं लागली. हर्शेल पत्रांतून या नव्या शोधाच्या बातम्या कळवत असत. पण संसार मोठा होता. १८४८ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेलं. सहा मुलं पोटची, शिवाय पोरकी झालेली नात्यातली. १८६० मध्ये त्यांनी आइल ऑफ वाइट बेटावर फ्रेशवॉटर गावी शेजारशेजारची दोन घरं घेऊन एक केली आणि सिलोनमधल्या आपल्या मळ्याच्या नावावरून त्याला डिंबोला नाव दिलं. कवी टेनिसन शेजारी राहत.

डिसेंबर १८६३ मध्ये यजमान सिलोनमधल्या कॉफीच्या मळ्यांवर होते, मुलं पांगली होती. एकटेपणात आईला विरंगुळा हवा, म्हणून मुलीनं आणि जावयानं कॅमेरा भेट दिला. ज्युलियाबाई तेव्हा ४८ वर्षांच्या होत्या. मुलीला वाटलं असेल, आई चार दिवस खेळेल आणि ठेवून देईल. पण बाईंनी कोळशाची खोली रिकामी करून तिची अंधारखोली केली आणि कोंबड्यांचं काचेचं खुराडं मोकळं करून त्याचा स्टुडिओ केला.

त्या काळचा फोटो म्हणजे अंगमेहनतीचं काम होतं. काचेवर कलोडियनचा चिकट थर सारखा पसरायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकण्याआधी अंधारखोलीत नेऊन धुवायची. मध्ये धूळ बसली, बोट लागलं, थर ओघळला की खूण कायमची. पुढं जी मोठी काच त्या वापरू लागल्या, ती पंधरा इंच बाय बारा इंचांची होती. समोरच्या माणसाला तीन ते सात मिनिटं निश्चल बसावं लागे. शेजारपाजारची मुलं, मोलकरणी, पाहुणे, कुणाचीही सुटका नव्हती. बाईंचे हात रसायनांनी काळे पडलेले असत. १८६४ मध्ये इटलीचा सेनानी गॅरिबाल्डी टेनिसनकडे आला, तेव्हा फोटोसाठी गुडघे टेकून विनवणाऱ्या या बाईंना तो भिकारीण समजला, असं सांगतात.

जानेवारी १८६४ मध्ये त्यांनी ॲनी फिलपॉट या छोट्या मुलीचा फोटो काढला आणि हे आपलं पहिलं यश, असं त्याखाली स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं. कोटाची बटणं मिटलेली, केस जरासे विस्कटलेले, मान एका बाजूला वळलेली. त्या काळातल्या फोटोंतली माणसं खांबाशेजारी ताठ उभी असत. ही मुलगी मात्र क्षणभर आपल्याच विचारात हरवली आहे.

त्याच वर्षी त्या लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या सदस्य झाल्या. तिथं आपल्याच बैठकीसारखं वातावरण होतं: लेन्सांची चर्चा, रसायनांची प्रमाणं, प्रदर्शनं. सभासदांना बाईंचे फोटो पटेनात. फोकस नाही, काचेवर ओरखडे, बोटांचे ठसे, ओघळ. कारागिरी कच्ची आहे, असा निकाल १८६५ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. बाईंचं म्हणणं वेगळं होतं. लेन्स फिरवता फिरवता जिथं चेहरा सुंदर दिसेल तिथं त्या थांबत; आणखी फिरवून तो धारदार करणं त्यांना गरजेचं वाटत नसे. काही वेळा तर निगेटिव्हवर त्या मुद्दाम खरवडत, दोन निगेटिव्ह जोडून एक चित्र करत, तडा गेलेल्या काचेवरूनही प्रिंट काढत.

टीकाकार सगळेच आडमुठे होते, असं मला वाटत नाही. बोटाचा ठसा हा बोटाचा ठसाच. त्याला कला म्हणायचं कारण नाही. काही चुका निव्वळ घाईच्या आहेत. पण ठसा आणि धूसरपणा यांना त्यांनी एकाच मापानं मोजलं, तिथं त्यांचं चुकलं. ठसा चुकून आलेला. धूसरपणा मात्र बाईंच्या डोळ्यांनी पत्करलेला. हा फरक फोटोपुढं जरा वेळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

तो इतरांना कळला. १८६५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमनं, म्हणजे पुढच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं, त्यांचे फोटो विकत घेऊन मांडले आणि १८६८ मध्ये त्यांना स्टुडिओसाठी दोन खोल्याही दिल्या. बर्लिनच्या प्रदर्शनात १८६६ मध्ये सुवर्णपदक मिळालं. तरीही बाई सोसायटीवर रुसून बसल्या नाहीत. निगेटिव्हवरच्या थराला भेगा पडू लागल्या, तेव्हा १८६९ मध्ये त्या आपण होऊन सोसायटीच्या बैठकीला गेल्या आणि उपाय विचारला. नजर स्वतःची ठेवायची, पण तंत्राची अडचण चारचौघांपुढं मांडायला लाजायचं नाही, हे मला त्यांच्याकडून शिकण्यासारखं वाटतं.

त्यांचा एक फोटो आपल्या मुंबईशीही दूरचं नातं सांगतो. लंडनमध्ये भीक मागणाऱ्या एका आयरिश बाईची मुलगी, मेरी रायन, त्यांनी घरी आणून वाढवली होती. ती घरकाम करी आणि फोटोसाठी बसे. १८६५ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात तिचा फोटो पाहून हेन्री कॉटन नावाचा तरुण तिच्या प्रेमात पडला. १८६७ मध्ये दोघांचं लग्न झालं. मुलकी सेवेत बंगालला आलेले हेच सर हेन्री कॉटन १९०४ मध्ये काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनाचे अध्यक्ष झाले.

१८६७ च्या एप्रिलमध्ये बाई आपला सगळा सरंजाम घेऊन जुने स्नेही हर्शेल यांच्या घरी गेल्या. ७५ वर्षांच्या हर्शेलना त्यांनी आधी केस धुवायला लावले, म्हणजे ते पिंजारून उभे राहतील, असं सांगतात. काळोखातून वर आलेला तो पांढऱ्या केसांचा, पाणावल्या डोळ्यांचा चेहरा पाहिला की शास्त्रज्ञ आणि थकलेला म्हातारा एकाच वेळी दिसतात.

पैशाचं गणित मात्र कधी बसलं नाही. कॉफीचे मळे तोट्यात होते. फोटो विकून घराला हातभार लागावा म्हणून बाईंनी पाचशेहून अधिक चित्रांचे हक्क नोंदवले, पण खर्च वाढतच गेला. १८७५ मध्ये दोघं सिलोनला राहायला गेले. सामानात दोन शवपेट्या होत्या आणि त्यांत चिनी मातीची भांडी भरली होती, असं त्यांच्या नातलगांत सांगितलं जाई. तिथं त्यांनी मळ्यावरच्या मजुरांचे थोडे फोटो काढले. २६ जानेवारी १८७९ रोजी तिथंच त्यांचं निधन झालं. सगळी कारकीर्द जेमतेम बारा-पंधरा वर्षांची.

त्यांची लाडकी भाची ज्युलिया जॅक्सन हिचे त्यांनी अनेक फोटो काढले होते. या भाचीची मुलगी म्हणजे लेखिका व्हर्जिनिया वुल्फ. आई गेली तेव्हा ती अवघी तेरा वर्षांची होती. १९२६ मध्ये तिनं ज्युलियाबाईंच्या फोटोंचं पुस्तक काढलं. त्यातल्या धूसर चेहऱ्यांत तिला तिची आई, लग्नाआधीची, तरुण, पुन्हा पाहायला मिळत होती.

माझ्या आजीचा फोटो मी पुढच्या बैठकीला पुन्हा नेला नाही. तो चौकट करून घरात लावला आहे. परवा माझी आत्या आली, त्याच्यापुढं उभी राहिली आणि पदरानं डोळे पुसून आत गेली. शार्पनेसबद्दल तिनं काही विचारलं नाही.