लक्ष्मीबाई टिळक आणि आमचा मंगळवारचा वर्ग

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी पोळ्या लाटीत होते. नाही म्हणावयास तोंड उघडले आणि हो म्हणून बसले. त्याला कारण आमचा मंगळवारचा लेखनवर्ग. गेल्या वर्षी मंडळाने तो सुरू केला. दुपारी तीन ते पाच, सतरंजीवर बसून लिहावयाचे, लिहिलेले वाचावयाचे आणि मग चहा. नवी वही, टोक केलेली पेन्सिल आणि दोन तास कोणी हाक मारणार नाही याची खात्री! एवढे सुख साठीच्या उंबरठ्यावर मिळेल असे मला वाटले नव्हते.

परंतु तिसऱ्याच मंगळवारी मी वही मिटली. माझे शिक्षण सातवीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला जन्मात साधले नाहीत. त्यातून विषय निघाला 'माझे यजमान'. हे जाऊन चार वर्षे झाली. माणूस सोन्यासारखा, पण संताप विलक्षण. ते लिहावे तर पाप वाटे, न लिहावे तर खोटे वाटे. आणि भरीस भर म्हणून वन्सं त्याच वर्गात माझ्या शेजारी बसतात. दोन मंगळवार मी गुडघ्याचे निमित्त सांगितले. तेव्हा एका मैत्रिणीने 'स्मृतिचित्रे' आणून दिले. ते मी शाळेच्या पुस्तकातल्या धड्यापुरतेच वाचले होते. आता सगळे वाचले, आणि म्हणून लक्ष्मीबाईंविषयी लिहीत आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालचा, नाशिकजवळच्या जलालपूर या गोदाकाठच्या गावचा. माहेर गोखल्यांचे, नाव मनकर्णिका. त्यांच्या आईचे वडील 1857 च्या धामधुमीत फाशी गेले. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले ते कायमचेच. घरात येईल ती वस्तू धुवावयाची, अगदी मीठसुद्धा! मीठ धुतल्यावर काय उरत असेल ते आपणा गृहिणींना सांगावयास नको. अशा घरात मुलींच्या शिक्षणाचे नाव कोण काढणार? 1880 च्या सुमारास, बारा वर्षेही पुरी झाली नव्हती तोच, त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले आणि मनूची लक्ष्मी झाली.

टिळक कवी, विद्वान, वक्ते, आणि संसाराला अगदी निरुपयोगी. आज या गावी तर उद्या त्या गावी. मनात आले की उठून चालू लागावयाचे, बायकोला सांगून जाण्याची पद्धत नाही. राग नाकाच्या शेंड्यावर. हाती पैसा आला की दिसेल त्या गरजवंताला द्यावयाचा. घरात पीठ आहे की नाही ही काळजी लक्ष्मीबाईंची. पण याच नवऱ्याने त्यांना अक्षरओळख करून दिली, हेही तितकेच खरे. शिक्षक उतावळे, विद्यार्थिनीच्या मागे चूल आणि पोरे. तेव्हा अभ्यास कसा झाला असेल याची कल्पना करावी. लिहिताना जोडाक्षरे त्यांना पुढेही जडच जात, असे सांगतात. हे वाचले आणि माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. मराठीतले एक थोर आत्मचरित्र जोडाक्षरांपाशी अडखळणाऱ्या बाईने लिहिले आहे, भगिनींनो!

10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंच्या पदरी लहानगा देवदत्त. सनातनी घरातील सव्वीस वर्षांच्या बाईवर त्या दिवशी केवढे आभाळ कोसळले असेल! नवरा जिवंत, आणि तरी त्याच्या घरी जाता येत नाही. पुढची चारपाच वर्षे त्यांनी माहेरच्या माणसांत काढली, काही काळ पंढरपुरास. याच ताटातुटीत त्या कविता करू लागल्या. वर्ग नाही, गुरू समोर नाही. मनातले बोलावयास माणूस नव्हते म्हणून ते ओळींत बोलल्या. आमच्या वर्गात प्रतिभा कोठून येते यावर एकदा बरीच चर्चा झाली. मला वाटते, पुष्कळ वेळा ती अशी, बोलावयास कोणी नसण्यातून येते.

पुढे त्या नगरला टिळकांकडे राहावयास गेल्या, पण धर्म सोडून नव्हे. आपले पाणी, आपला स्वयंपाक निराळा ठेवला. नवऱ्यानेही बळजबरी केली नाही. एवढ्या तापट माणसाने या बाबतीत धीर धरला हे मला फार मोठे वाटते. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा विचार लक्ष्मीबाईंनी स्वतःच केला. तो माणसाने केला असे मनाने ठरविताच त्या कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. मीठ धुणाऱ्या बापाची ही लेक! 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या मताशी आपण सहमत असू वा नसू, ते त्यांनी उसने घेतले नव्हते.

मग नगरचा संसार. दुष्काळात निराधार झालेली मुले घरात, पाहुणे घरात, प्लेगच्या दिवसांत रोग्यांची शुश्रूषा. स्वतःची काही लेकरे आधीच गेलेली. आणि या गर्दीत त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, काही काळ येऊन राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर मुलासारखी माया केली. एका घरात दोन कवी म्हणजे काय असते ते मला ठाऊक नाही. आमच्या घरी एकच मनुष्य होता आणि तोही हिशेबनीस. पण तो भाग वाचताना वाटते, लक्ष्मीबाईंचा लेखनवर्ग तो हाच. कविता कानावर पडत आहेत, वाद चालले आहेत, आणि बाई हाताने काम करीत सारे टिपून ठेवीत आहेत. बालकवी 1918 साली भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून गेले; वय अवघे सत्तावीस. पुढच्याच वर्षी, 9 मे 1919 रोजी, टिळक गेले.

लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. आपल्याकडे अशा वेळी जपमाळ हाती देतात. त्यांनी लेखणी घेतली. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले होते आणि दहाएक अध्याय लिहून ते अर्ध्यावर राहिले होते. ते पुढे चालविण्याचे काम या बाईंनी अंगावर घेतले आणि साठांहून अधिक अध्याय रचले. नवऱ्याचे अर्धे राहिलेले विणकाम पुरे करावे तसे. मात्र विणकाम त्यांचे त्याच्याहून कितीतरी अधिक भरले, हे सांगावयास लोक विसरतात.

'स्मृतिचित्रे'चा जन्म तर अधिकच साधा. मुलगा देवदत्त वडिलांचे चरित्र लिहावयाच्या विचारात होता, त्याने आईला आठवणी लिहून काढावयास सांगितले. आई लिहू लागली, आणि आठवणींचेच पुस्तक झाले. पहिला भाग 1934 साली निघाला, बाकीचे मागाहून. 1936 साली 24 फेब्रुवारीस नाशिक येथे लक्ष्मीबाई वारल्या. 'ख्रिस्तायन' त्यांच्या पश्चात 1938 साली छापून निघाले. 'स्मृतिचित्रे'चे इंग्रजी भाषांतर 1950 साली झाले, पुढे 2017 साली शांता गोखले यांनी पुन्हा एक केले.

या पुस्तकात टिळक जसे होते तसे आहेत. त्यांचा संताप आहे, विक्षिप्तपणा आहे, बायकोला वाऱ्यावर सोडून जाणे आहे. स्वतःचा हट्ट आणि फजितीही बाईंनी झाकलेली नाही. आणि तरीही वाचून संपल्यावर टिळकांविषयी मन कडू होत नाही, उलट ते घरचेच वाटू लागतात. हे कसे साधले असेल याचा मी पुष्कळ विचार केला. तक्रार करावी तेथे त्या हसतात, हे एक. दुसरे म्हणजे, हिशेब मागण्यासाठी त्या लिहीतच नाहीत. घडले ते सांगतात आणि पुढच्या कामाला लागतात.

मी पुन्हा वर्गाला गेले. यजमानांवरचे दोन पानी टिपण लिहून नेले होते. त्यात आमटीत मीठ जास्त पडले म्हणून भिरकावलेली वाटी होती, रात्री अबोला होता, आणि सकाळी काही न बोलता त्यांनीच भरून ठेवलेले पाण्याचे हंडे होते. वाचताना आवाज कापत होता. वन्संकडे पाहावयाचे धैर्य झाले नाही. वाचून झाले तशी त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, की एक गोष्ट राहिली. राग उतरला की दादा कोपऱ्यावरून खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी आणीत असे आणि ती मुद्दाम माझ्या उशाशी ठेवी. हे त्याने फक्त त्यांनाच सांगितले होते.

पुडी मला आठवत होती. ती मुद्दाम ठेवलेली असे, हे मात्र ठाऊक नव्हते. मी तेथेच पेन्सिल मागून घेतली आणि समासात लिहिले. शेंगदाणे हा शब्द वन्संनी दोनदा सुधारून दिला.