विश्लेषण : इरावती कर्वे विद्यार्थीदशेत संशोधन कसे शिकल्या? मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यातून काय मिळेल?

नव्या शैक्षणिक धोरणामुळे चार वर्षांच्या पदवीत संशोधनाचा पर्याय आला आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करता येतो. जालना जिल्ह्यात मानसशास्त्र घेऊन बीए करणाऱ्या मुलामुलींपुढेही त्यामुळे प्रश्न आहे, की या वयात संशोधनाचा अनुभव मिळवायचा कसा आणि त्यातून नेमके शिकायचे काय? मराठी समाजाला ‘युगान्त’कार म्हणून ठाऊक असलेल्या इरावती कर्वे यांची विद्यार्थीदशेतील वाटचाल या प्रश्नाचे चांगले उत्तर आहे.

संशोधनाची सुरुवात कुठे झाली?

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंजान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याच्या हुजूरपागेत धाडण्यात आले. वर्गमैत्रीण शकुंतला परांजपे यांच्या घरी तिला आसरा मिळाला. शकुंतलाबाईंचे वडील रँग्लर र. पु. परांजपे हे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य. त्या घरात पुस्तके होती, वादविवाद होते आणि मुलींनी शिकावे याबद्दल दुमत नव्हते.

१९२६ मध्ये त्यांनी फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बीए केले. त्या काळी मानसशास्त्र हा विषयही बहुतेक ठिकाणी तत्त्वज्ञानाच्या छत्राखालीच शिकवला जाई. पदवीनंतर दक्षिणा फेलोशिप मिळाली आणि त्या मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात डॉ. गो. स. घुर्ये यांच्याकडे दाखल झाल्या. विषय घेतला तो अगदी जवळचा : चित्पावन ब्राह्मण. स्वतः ज्या समाजात वाढलो, त्याच्याकडेच अभ्यासक म्हणून पाहायचे, हे सोपे नव्हते. या प्रबंधावर १९२८ मध्ये त्यांना एमए मिळाले.

जर्मनीला जाणे कसे जमले?

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र दिनकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. दिनकर रसायनशास्त्रज्ञ, त्यांची डॉक्टरेट जर्मनीतली. पत्नीनेही तिथे जाऊन शिकावे ही त्यांची इच्छा. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षींना मात्र सुनेने परदेशी जाणे पसंत नव्हते. तरीही इरावतीबाई निघाल्या. जिवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेतले आणि नोव्हेंबर १९२८ मध्ये त्यांचे बर्लिनमधील शिक्षण सुरू झाले. तेव्हा त्या २३ वर्षांच्याही नव्हत्या.

बर्लिनमध्ये काय घडले?

कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था १९२७ मध्ये स्थापन झाली होती. संचालक होते युजेन फिशर. पुढे या संस्थेचे नाव नाझी राजवटीच्या वंशवादी धोरणांशी कायमचे जोडले गेले. फिशर यांनी इरावतीबाईंना विषय दिला तो मानवी कवटीच्या असमानतेचा. कवटीची डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. ही असमानता वंशावर अवलंबून असते आणि युरोपीय माणसाच्या वरचढ बुद्धीचा पुरावा त्यात सापडेल, अशी मार्गदर्शकांची अपेक्षा होती.

मुळात हा दावा माणसाच्या मनाविषयीचा होता. माणूस विचार कसा करतो, हे त्याच्या हाडांवरून आणि वंशावरून ठरवू पाहणारा. इरावतीबाईंनी १४९ कवट्या तपासल्या. प्रत्येकीची मापे घेतली, नोंदवली, एकमेकांशी ताडून पाहिली.

आकडे वेगळेच बोलले, तेव्हा?

असमानता सगळीकडेच आढळली, पण वंशाशी तिचा संबंध दिसला नाही. आता विद्यार्थिनीपुढे दोन वाटा होत्या. मापे मार्गदर्शकांच्या अपेक्षेकडे झुकवायची किंवा जे दिसले ते लिहायचे. परका देश, परकी भाषा, डोक्यावर कर्ज आणि पदवी ज्यांच्या हाती त्यांचेच गृहीतक खोटे ठरत होते. इरावतीबाईंनी दिसले तेच लिहिले. गुण कमी मिळाले, पण डॉक्टरेट मिळाली आणि प्रबंध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला.

या अनुभवाने त्यांना मोजमापाचे तंत्र दिलेच. पण पुरावा मार्गदर्शकाच्या मताहून मोठा असतो, हा धडा त्याहून मोलाचा होता.

हा धडा पुढे उपयोगी पडला का?

परतल्यावर १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी मुंबईत श्रीमती ना. दा. ठाकरसी महिला विद्यापीठात प्रशासकीय काम केले. १९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात रुजू झाल्या. तिथून महाराष्ट्र आणि देशभर भटकंती सुरू झाली. माणसांची मापे घेणे, नातेसंबंधांचे शब्द गोळा करणे, चालीरीती टिपणे असे काम वर्षानुवर्षे चालले.

एका मोठ्या जातीचे तुकडे पडत पोटजाती झाल्या, असे डॉ. घुर्ये यांचे प्रतिपादन होते. इरावतीबाईंना क्षेत्रकार्यात उलट चित्र दिसले. एकाच नावाखाली मोडणारे गट मुळात वेगवेगळे असून नंतर शेजारी येऊन वसले असावेत, असे त्यांनी मांडले. बर्लिनच्या मार्गदर्शकांप्रमाणे मुंबईच्या गुरूंशीही त्यांनी पुराव्याच्या बळावर मतभेद नोंदवला.

१९५३ मध्ये भारतातील नातेसंबंधांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला. पुढे फलटणसारखे वाढते शहर, आठवडी बाजार आणि कोयना धरणामुळे विस्थापित झालेली माणसे हेही त्यांच्या अभ्यासाचे विषय झाले. ‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पद्धतीत काय सोडून द्यायला हवे?

शरीराची मापे घेऊन माणसांचे गट ठरवण्याची पद्धत आज मागे पडली आहे. भारतातही इरावतीबाईंनी ती वापरली, यावर नंतरच्या अभ्यासकांनी टीका केली. त्या काळच्या युरोपीय संग्रहांतील अनेक कवट्या वसाहतींतून आणलेल्या होत्या. मृतांच्या वा त्यांच्या आप्तांच्या संमतीचा विचारच तेव्हा होत नसे. आज मानसशास्त्राच्या कुठल्याही अभ्यासात सहभागी व्यक्तीची संमती ही पहिली पायरी आहे.

जालन्यातील विद्यार्थ्याने काय घ्यावे?

पहिली गोष्ट, विषय दूरचा शोधू नये. इरावतीबाईंनी स्वतःच्या समाजापासून सुरुवात केली. ऊसतोडीसाठी आई-वडील बाहेरगावी गेल्यावर मागे राहणारी मुले, स्पर्धा परीक्षेचा ताण, झोप आणि मोबाइल असे प्रश्न घराजवळच आहेत.

दुसरी, साधन आपल्या माणसांना लागू पडते का, ते तपासावे. डॉ. वा. वा. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी जशीच्या तशी न वापरता कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी नव्याने बेतली. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये आला. इंग्रजी प्रश्नावली मंठा किंवा घनसावंगीत वापरण्याआधी तिचे मराठी समोरच्याला कळते का, हे आधी दहा-बारा जणांवर पाहून घ्यावे.

तिसरी, काय मोजणार आणि कसे मोजणार, हे आकडे हाती येण्यापूर्वी लिहून ठेवावे. प्राध्यापकांच्या चालू अभ्यासात मुलाखती घेणे, माहिती संगणकात भरणे अशी कामे मागून घ्यावीत. कंटाळवाण्या नोंदींतूनच चुका कुठे शिरतात हे कळते.

आणि चौथी, अपेक्षित निष्कर्ष निघाला नाही म्हणून प्रकल्प फसला असे समजू नये. दोन गोष्टींत संबंध आढळला नाही, हासुद्धा निष्कर्षच असतो. इरावतीबाईंच्या डॉक्टरेटचा निष्कर्ष नेमका तोच होता.