घटक ४ : फ्रेडरिक डग्लस – गुलामगिरीचा वाद आणि दुभंगलेले राष्ट्र

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस –
• फ्रेडरिक डग्लस यांच्या आयुष्यातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• गुलामगिरीच्या प्रश्नावरून अमेरिकेचे उत्तर व दक्षिण हे प्रदेश परस्परांपासून कसे दुरावत गेले, हे स्पष्ट करता येईल.
• व्यक्तीचे चरित्र व राष्ट्राचा इतिहास यांचा परस्परसंबंध उलगडून दाखवता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला, हे आपणांस ठाऊक आहे. गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना त्यांनी तो अर्पण केला होता. ही मुक्ती केवळ सज्जनांच्या औदार्यातून आलेली नव्हती. जे स्वतः गुलाम होते, त्यांनीही ती लढून मिळवली होती. अशांपैकी सर्वांत प्रभावी आवाज फ्रेडरिक डग्लस यांचा होता. त्यांचे चरित्र वाचताना एक प्रश्न सतत मनाशी ठेवावा : एखाद्या अन्यायावर बोलल्यामुळे राष्ट्र दुभंगते, की त्यावर न बोलता केलेल्या तडजोडींमुळे?

४.२ बालपण आणि अक्षरओळख

डग्लस यांचा जन्म १८१८ च्या सुमारास मेरिलँड राज्यातील टॅलबट परगण्यात झाला. गुलामांच्या जन्माची नोंद त्यांना कळावी अशी रीत नव्हती. त्यामुळे आपली जन्मतारीख त्यांना कधीच निश्चितपणे समजली नाही. आई हॅरिएट बेली दुसऱ्या मळ्यावर राबत असे. दिवसभराचे काम आटोपून ती रात्री पायी चालत मुलाला भेटायला येई. ही भेट क्वचितच घडे. मुलगा सात वर्षांचा असतानाच ती वारली आणि त्याचे संगोपन आजीने केले.

आठव्या वर्षी त्यांना बाल्टिमोर शहरात ऑल्ड कुटुंबाकडे पाठवण्यात आले. तेथील मालकीण त्यांना मुळाक्षरे शिकवू लागली. मात्र मालकाने ते तत्काळ थांबवले. शिकलेला गुलाम गुलाम म्हणून टिकत नाही, अशी त्याची धारणा होती. ही भीती पाहूनच शिक्षणाचे मोल त्या मुलाला उमगले. घरातील भाकरीचे तुकडे गल्लीतील गरीब गोऱ्या मुलांना देऊन त्याने त्यांच्याकडून अक्षरे शिकून घेतली. पुढे साठवलेल्या पैशांतून भाषणांचे एक जुने पुस्तक विकत घेऊन तो ते लपूनछपून वाचू लागला. कामधंदा सांभाळून अभ्यास करणाऱ्या आपणांस या प्रसंगाचे मर्म वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

४.३ पलायन आणि आत्मचरित्र

सोळाव्या वर्षी डग्लस यांना एडवर्ड कोव्ही या शेतकऱ्याकडे धाडण्यात आले. गुलामांचा ताठा मोडून काढण्याबद्दल त्याची ख्याती होती. अनेक महिने फटके सोसल्यावर एके दिवशी डग्लस यांनी त्याच्याशी झुंज घेतली. त्यानंतर कोव्हीने त्यांच्यावर हात टाकला नाही.

३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचा वेष करून व एका स्वतंत्र कृष्णवर्णीय खलाशाची कागदपत्रे जवळ बाळगून ते आगगाडीने व नावेने एका दिवसाच्या आत न्यूयॉर्कला पोहोचले. या धाडसात त्यांना साहाय्य करणारी ॲना मरे लवकरच त्यांची पत्नी झाली. १८४१ पासून ते विल्यम लॉइड गॅरिसन यांच्या गुलामगिरीविरोधी चळवळीत व्याख्याते म्हणून काम करू लागले. त्यांचे वक्तृत्व इतके प्रभावी होते, की हा मनुष्य कधी गुलाम होता यावर काही श्रोत्यांचा विश्वास बसेना. या शंकेचे निरसन त्यांनी १८४५ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध करून केले.

या ग्रंथाचा एक विशेष लक्षात घ्या. त्यात माणसांची व ठिकाणांची खरी नावे आहेत. परंतु पलायनाचा तपशील नाही. तो उघड केला असता, तर साहाय्यकांवर संकट आले असते व इतर गुलामांची वाट बंद झाली असती. हा तपशील त्यांनी १८८१ च्या आत्मचरित्रात दिला. आत्मचरित्रातील मौनालाही अर्थ असतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

खरी नावे दिल्याने पुन्हा पकडले जाण्याचा धोका निर्माण झाला. म्हणून ते आयर्लंड व ब्रिटनला गेले. तेथील मित्रांनी पैसे जमवून १८४६ मध्ये त्यांचे स्वातंत्र्य कायदेशीररीत्या विकत घेतले. मायदेशी परतल्यावर त्यांनी रॉचेस्टर येथे ‘नॉर्थ स्टार’ हे वृत्तपत्र सुरू केले.

४.४ तडजोडी आणि रुंदावणारी दरी

आता या चरित्राची राजकीय पार्श्वभूमी पाहू. १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र आल्यानंतर दक्षिणेतील कापसाची शेती झपाट्याने वाढली. १७९० मध्ये सुमारे सात लाख असलेली गुलामांची संख्या १८६० पर्यंत चाळीस लाखांच्या जवळ गेली. उत्तरेकडील राज्यांनी मात्र गुलामगिरी क्रमाक्रमाने बंद केली होती.

डग्लस दोन वर्षांचे असताना, १८२० मध्ये, मिसुरीची तडजोड झाली. मिसुरी गुलामगिरीसह व मेन गुलामगिरीविना संघराज्यात आले आणि सिनेटमध्ये दोन्ही बाजूंची बारा-बारा राज्ये झाली. पश्चिमेकडील उर्वरित प्रदेशात ३६ अंश ३० मिनिटे या अक्षांशाच्या उत्तरेस गुलामगिरीला बंदी करण्यात आली. येथून गुलामगिरी हा नकाशावरील रेषेचा प्रश्न बनला. १८३६ ते १८४४ या काळात गुलामगिरीविरोधी अर्जांवर प्रतिनिधिगृहात चर्चाच होऊ नये, असा नियम होता. चर्चा थांबली, पण दुरावा थांबला नाही. गुलामगिरीच्या प्रश्नावरून १८४४ मध्ये मेथडिस्ट आणि १८४५ मध्ये बाप्टिस्ट पंथही उत्तर-दक्षिण असे फुटले.

मेक्सिकोशी झालेल्या युद्धात मिळालेल्या भूमीमुळे हा वाद पुन्हा पेटला. १८५० च्या तडजोडीने कॅलिफोर्निया मुक्त राज्य ठरले. त्याच्या मोबदल्यात दक्षिणेला पळून गेलेल्या गुलामांविषयीचा कठोर कायदा मिळाला. पकडलेल्या व्यक्तीला मालकाच्या स्वाधीन केल्यास आयुक्ताला दहा डॉलर आणि मुक्त केल्यास पाच डॉलर मिळत. सामान्य नागरिकांनाही पकडण्याच्या कामी जुंपता येत असे. आजवर गुलामगिरी दूरची मानणाऱ्या उत्तरेच्या दाराशीच ती येऊन उभी राहिली. उत्तरेतील काही राज्यांनी या कायद्याला अडथळे आणणारे कायदे केले. दक्षिणेला तो करारभंग वाटला, तर उत्तरेला मूळ कायदाच अधर्म वाटला. रॉचेस्टरमधील डग्लस यांचे घर कॅनडाकडे निघालेल्या पलायितांचा आश्रय बनले.

याच सुमारास डग्लस व गॅरिसन यांच्यात मतभेद झाले. संविधान गुलामगिरीला पोसते, म्हणून उत्तरेने दक्षिणेशी संबंध तोडावा, असे गॅरिसन यांचे मत होते. डग्लस यांना ते पटेना. उत्तर वेगळी झाली, तर तिचे हात स्वच्छ होतील. परंतु लक्षावधी गुलाम मालकांच्या हाती निराधार राहतील, हे त्यांनी ओळखले होते. १८५१ मध्ये त्यांनी संविधानाच्या आधारेच गुलामगिरीविरुद्ध लढण्याची भूमिका घेतली. राष्ट्राच्या ऐक्याचा विचार त्यांनी गुलामाच्या जागेवरून केला, हे या मतभेदाचे सार होय.

४.५ संघर्षाकडून युद्धाकडे

१८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने १८२० ची रेषा पुसली आणि गुलामगिरीचा निर्णय तेथील रहिवाशांवर सोपवला. परिणामी कॅन्ससमध्ये दोन्ही बाजूंची माणसे शस्त्रे घेऊन उतरली. उत्तरेत रिपब्लिकन पक्ष जन्मास आला. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांना अमेरिकेचे नागरिकत्व नाकारले. तडजोडीची एकेक वाट बंद होत गेली.

१८५९ मध्ये जॉन ब्राउन यांनी हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारावर हल्ला केला. डग्लस यांनी या बेतात सहभागी होण्यास नकार दिला होता. तरीही संशयामुळे त्यांना कॅनडामार्गे इंग्लंडला जावे लागले. धाकटी मुलगी वारल्याची बातमी कळताच ते धोका पत्करून परतले.

१८६० मध्ये अब्राहम लिंकन सुमारे ४० टक्के मते मिळवून राष्ट्राध्यक्ष झाले. दक्षिणेतील बहुतेक राज्यांत त्यांच्या नावाने मतपत्रिकाच नव्हत्या. एकाच प्रदेशाच्या मतांवर राष्ट्राध्यक्ष निवडला गेला, यातच दुही किती खोल गेली होती ते दिसते. २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलायना फुटून निघाले. अखेरीस अशी अकरा राज्ये झाली. एप्रिल १८६१ मध्ये युद्धाला तोंड फुटले. हे युद्ध केवळ ऐक्यासाठी न राहता मुक्तीसाठी व्हावे, असा आग्रह डग्लस यांनी धरला. १८६३ च्या मुक्तिघोषणेनंतर त्यांनी कृष्णवर्णीय सैनिकांची भरती केली; त्यांचे दोन मुलगेही त्यात होते. या सैनिकांना समान वेतन व न्याय मिळावा, म्हणून ते स्वतः लिंकन यांना भेटले. १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपुष्टात आली.

४.६ उत्तरायुष्य

१८७७ मध्ये दक्षिणेतील राज्यकारभारावरील केंद्रीय सैन्याचा पहारा उठला. उत्तर-दक्षिणेचा समेट होऊ लागला. परंतु त्याची किंमत पुन्हा कृष्णवर्णीयांनाच मोजावी लागली. त्यांचा मताधिकार हिरावला गेला आणि जमावाकडून हत्या होऊ लागल्या. युद्ध कशासाठी झाले याचा विसर पडू नये, म्हणून डग्लस शेवटपर्यंत बोलत व लिहीत राहिले. स्त्रियांच्या मताधिकाराचेही ते १८४८ पासूनचे समर्थक होते. २० फेब्रुवारी १८९५ रोजी, स्त्रियांच्या एका सभेहून घरी परतल्यावर, त्यांचे निधन झाले.

४.७ सारांश

१८२० व १८५० च्या तडजोडी ज्यांच्याविषयी झाल्या, ते गुलाम त्या बैठकींत कोठेही नव्हते. म्हणून प्रत्येक तडजोडीने प्रश्न पुढे ढकलला आणि दरी रुंदावली. १८७७ नंतरच्या समेटातही हेच घडले. डग्लस यांनी आपल्या लेखणीने व वाणीने या अनुपस्थितांना राष्ट्राच्या चर्चेत आणले. प्रास्ताविकातील प्रश्नाचे उत्तर आता आपण स्वतः शोधावे.

४.८ स्वाध्याय

१. १८४५ च्या आत्मचरित्रात डग्लस यांनी पलायनाचा तपशील का दिला नाही, ते सांगा.
२. १८५० च्या कायद्यामुळे उत्तर-दक्षिण दुरावा कसा वाढला, ते स्पष्ट करा.
३. डग्लस व गॅरिसन यांच्यातील मतभेदाचे स्वरूप आपल्या शब्दांत मांडा.
४. आपल्या वाचनातील एखाद्या मराठी आत्मचरित्रातील मौनाच्या जागा शोधून त्यांवर टिपण लिहा.