बेगम रुकैया सखावत हुसैन

वाचकहो, मुलीचे नाव शाळेत घालताना आज तुम्हाला फार तर फी, गणवेश आणि शाळेचे अंतर यांचा विचार पडतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कलकत्त्यात एका विधवा बाईला याच कामासाठी घरोघरी जाऊन आईबापांच्या विनवण्या कराव्या लागल्या. त्या बाईची ही हकीकत आहे.

रुकैयांचा जन्म १८८० साली रंगपूर जिल्ह्यातील पायराबंद या गावी झाला. हा भाग आता बांगलादेशात आहे. वडील जमीनदार, घराणे खानदानी. मुलींना कुराणपठण आणि थोडे फारसी येई तेवढे पुरे. बंगाली व इंग्रजी शिकणे मात्र घराण्याला न शोभणारे. परदा तर असा की, अनोळखी बायकांपासूनही मुलींनी लपावे. रुकैया पाच वर्षांच्या असताना घरी बिहारकडच्या दोन मोलकरणी आल्या. त्यांची नजर पडू नये म्हणून ही पोर तब्बल चार दिवस वरच्या खोलीत लपून राहिली. तिच्याच वयाचा एक भाचा अधूनमधून दूध आणून देई, त्यावर तिने दिवस काढले. पुढे रात्री सारे घर निजल्यावर थोरले बंधू इब्राहीम साबेर यांनी मेणबत्तीच्या उजेडात बहिणीला इंग्रजी शिकविले. बंगाली शिकविले थोरली बहीण करीमुन्निसा हिने. पालकांनो, घरातला एक भाऊ आणि एक बहीण मनावर घेतील तर काय होते ते पाहा.

भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सय्यद सखावत हुसैन यांच्याशी त्यांचा निकाह झाला. ते विधुर होते, वयाने बरेच मोठे आणि पहिल्या पत्नीची एक मुलगी असलेले. पण माणूस उदार मनाचा. पती दौऱ्यावर असताना वेळ जावा म्हणून रुकैयांनी इंग्रजीत एक कथा लिहिली. परत आल्यावर सखावतसाहेबांनी ती उभ्या उभ्याच वाचून काढली. ‘सुलताना’ज ड्रीम’ ही ती कथा १९०५ साली मद्रासच्या मासिकात छापली गेली. तिच्यातल्या देशात पुरुष घरात कोंडलेले आहेत आणि बायका राज्य चालवीत आहेत!

भगिनींनो, हे वाचून त्यांचा संसार सुखाचा होता असे समजू नका. सखावतसाहेबांना मधुमेह जडला होता आणि त्या काळी इन्सुलिनचा शोधच लागला नव्हता. रोज लघवी तपासणे, पथ्याचे रांधणे, डॉक्टरांना पत्रे लिहिणे यातच रुकैयांची वर्षे गेली. दोन मुली झाल्या. एक पाच महिन्यांची होऊन गेली, दुसरी चार महिन्यांची. १९०९ साली पतीही गेले, त्याआधी त्यांची दृष्टी गेली होती. मूलबाळ नसलेल्या तरुण विधवेकडून समाजाची काय अपेक्षा असते, हे आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको.

पतीने मुलींच्या शाळेसाठी दहा हजार रुपये वेगळे ठेवले होते. त्याच वर्षी भागलपुरात पाच मुलींवर शाळा सुरू झाली. सावत्र मुलीकडून इतका जाच झाला की रुकैयांना भागलपूर सोडावे लागले. १६ मार्च १९११ रोजी कलकत्त्याच्या वलीउल्ला लेनमध्ये आठ मुलींवर पुन्हा श्रीगणेशा! त्या स्वतः कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या. वर्ग कसा चालवितात हे ब्राह्मो व हिंदू मुलींच्या शाळा पाहून त्या शिकल्या. मुलींना कुराण अर्थासह शिकवावे, शिवाय शुश्रूषा, शिवण आणि व्यायामही, असा त्यांचा आग्रह असे.

शाळेच्या मोटारीचा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. परदा राहावा म्हणून गाडी चहूबाजूंनी बंद केली, तर आतल्या अंधारात आणि उकाड्यात मुली बेशुद्ध पडू लागल्या. मग खिडक्या उघडून पडदे लावले. वाऱ्याने पडदे उडू लागताच धमकीची पत्रे आली, की ही बेपर्दगी थांबवा, नाहीतर उर्दू वर्तमानपत्रांत बदनामी करू. गाडी बंद ठेवावी तर पोरींचा जीव जातो, उघडी ठेवावी तर शाळा जाते. काय करावे बाईने?

त्या स्वतः बुरखा वापरीत. लाजलज्जेचा परदा वेगळा आणि माणसाला कोंडून घालणे वेगळे, हा फरक त्यांनी जन्मभर सांगितला, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. त्यांच्या सासरच्या नात्यातली एक बाई किऊल स्टेशनवर गाडी बदलताना बुरख्यात पाय अडकून रुळावर पडली. परपुरुषाने बीबीला हात लावायचा नाही, म्हणून मोलकरणीने हमालांना अडविले. गाडी काही वेळ खोळंबली, आणि अखेर सुटली. ती बाई चिरडली गेली व काही तासांनी मेली. अशा हकीकती रुकैयांनी १९३१ साली ‘अवरोधवासिनी’ या पुस्तकात छापल्या.

१९१६ साली त्यांनी ‘अंजुमन-ए-ख्वातीन-ए-इस्लाम’ काढली. विधवांना मदत, गरीब मुलींची लग्ने, वस्त्यांतील बायकांना अक्षरओळख ही तिची कामे.

९ डिसेंबर १९३२ च्या पहाटे त्यांचे निधन झाले. आदल्या रात्री त्या लिहीत बसल्या होत्या. स्त्रियांच्या हक्कांवरचा तो अपुरा लेख टेबलावर कागददाबाखाली तसाच सापडला. त्यांची कबर कलकत्त्याजवळ सोदपूर येथे आहे, आणि आठ मुलींची ती शाळा आज सखावत मेमोरियल या नावाने लॉर्ड सिन्हा रोडवर चालू आहे.