दोन डोळे, एक नजर : इब्न अल-हैसम

इसवी सन 965 च्या सुमारास इराकमधील बसरा शहरात जन्मलेले अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम युरोपात ‘अल्हाझेन’ या नावाने ओळखले गेले. नाईल नदीचे पाणी अडवता येईल, ही त्यांची कल्पना कैरोच्या फातिमी खलिफा अल-हाकिम यांच्या कानी गेली आणि ते काम त्यांच्यावरच सोपवले गेले. पण प्रत्यक्ष नदी पाहिल्यावर हे शक्य नाही, हे त्यांनी ओळखले. लहरी खलिफाच्या भीतीने त्यांनी वेडाचे सोंग घेतले आणि 1021 मध्ये खलिफा नाहीसा होईपर्यंत नजरकैद सोसली, असे जुने चरित्रकार सांगतात.

पुढे अल-अझहर मशिदीजवळ राहून युक्लिड आणि टॉलेमी यांच्या ग्रंथांच्या नकला करून ते गुजराण करत. ‘किताब अल-मनाझिर’ हा दृष्टी व प्रकाशावरचा त्यांचा सात भागांचा ग्रंथ. डोळे दोन, मग वस्तू एकच का दिसते, हा प्रश्न त्यांनी त्यात हाताळला. उत्तरासाठी साधी फळी घेतली. नाक बसेल अशी खाच एका कडेला केली, फळीवर रेघा ओढल्या आणि मेणाचे छोटे रंगीत तुकडे ठेवले. मधल्या तुकड्यावर नजर रोखली की तो एकच दिसे. त्याच रेघेवरचे पुढचे-मागचे तुकडे मात्र दुहेरी दिसत. दोन्ही डोळे एकाच बिंदूवर जुळले, तरच एक चित्र दिसते, हे त्यांनी दाखवून दिले.

ही जुळणी आजही महत्त्वाची आहे. वाचताना दोन्ही डोळे थोडे नाकाकडे वळावे लागतात. ते नीट वळत नसतील तर डोळ्यांवर ताण येतो, डोके दुखते, अक्षरे हलतात किंवा दुहेरी दिसतात. एकेका डोळ्याची नजर स्वच्छ असल्याने फक्त तक्त्यावरची अक्षरे वाचून हा दोष सापडतोच असे नाही. मग पुस्तक बाजूला सारणारे मूल आळशी ठरते आणि बोलणी खाते. अशा वेळी दोन्ही डोळे जोडीने काम करतात का, हे नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. डोळ्यांच्या व्यायामाने अनेकांचा त्रास कमी होतो.

इब्न अल-हैसम 1040 च्या सुमारास कैरोत वारले. त्यांचा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातील अभ्यासक शतकानुशतके त्यावरून शिकत राहिले. ऐकीव गोष्ट न मानता स्वतः तपासून पाहावी, ही त्यांची शिकवण त्या मुलाच्या डोकेदुखीलाही लागू पडते.