कारंजात शिकलेले भाऊसाहेब



आपल्यापैकी अनेकांची मुले आज कॉलेजात आहेत. शिकून पुढे काय करायचे, हा त्यांचा प्रश्न आपल्या घराघरात आहे. तो ऐकला की डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख आठवतात.

२७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गावात पुढच्या शिक्षणाची सोय नव्हती. म्हणून चांदूर रेल्वे, मग आपल्या जिल्ह्यातले कारंजा (लाड) आणि पुढे अमरावतीचे हिंदू हायस्कूल, असा त्यांचा शाळेचा प्रवास झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून ते १९२० मध्ये विलायतेला गेले. त्यासाठी वडील शामरावांनी शेती गहाण टाकल्याचे सांगतात. तिथे ते बॅरिस्टर झाले आणि वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

एवढ्या पदव्या घेतलेल्या माणसाला मुंबईत किंवा नागपुरात सुखाने राहता आले असते. भाऊसाहेब मात्र अमरावतीला परतले. शिकण्यासाठी गाव सोडावे लागते आणि परगावी राहण्या-जेवण्याची सोय नसली की शिक्षण तुटते, हे त्यांनी जवळून पाहिले होते. त्यांनी श्रद्धानंद छात्रालय सुरू केले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत. १९२७ मध्ये अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून झालेल्या सत्याग्रहातही ते पुढे होते. १९३० मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडाचे शिक्षणमंत्री झाले. श्री शिवाजी शिक्षण संस्था त्याच सुमाराची. शाळा, वसतिगृहे, मग कॉलेजे असे तिचे काम विदर्भभर पसरले. खेड्यातल्या मुलाला वकील व्हायचे असो, शिक्षक व्हायचे असो की शिकून शेतीच करायची असो, त्याला घराजवळ वाट मिळू लागली.

पुढे ते संविधान सभेचे सदस्य झाले आणि १९५२ ते १९६२ केंद्रात कृषी खाते सांभाळले. १९५९ च्या अखेरीस दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. १० एप्रिल १९६५ रोजी त्यांचे निधन झाले. चार वर्षांनी अकोल्यात स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. वाशीमचा शेतकरी बियाण्यासाठी आणि सल्ल्यासाठी आजही तिथे जातो.

आपल्या मुलांना भाऊसाहेबांचे हे चरित्र जरूर सांगावे. पगार किती, हे तर विचारावेच लागते. पण आपल्या शिक्षणासाठी कुणी काय गहाण टाकले आणि ते शिक्षण कुणाच्या उपयोगी पडेल, हेही त्यांनी स्वतःला विचारावे. आपण माजी विद्यार्थ्यांनी एवढे तरी करावे : शाळेतून बाहेर पडणाऱ्या एखाद्या गरजू मुलाच्या खोलीचे भाडे किंवा मेसचा खर्च उचलावा. भाऊसाहेबांनी सुरुवात इथूनच केली होती.