सार्वजनिक काका

गणेश वासुदेव जोशी यांचा जन्म १८२८ साली साताऱ्यात झाला. पुण्यात वकिली करताना रयतेची गाऱ्हाणी त्यांच्या कानी येत. परंतु ती सरकारपुढे मांडावीत कोणाच्या वतीने? २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा सभासदाने किमान ५० जणांचे मुखत्यारपत्र आणावे, असा नियम झाला. लोकप्रतिनिधित्वाची ही तालीमच होती! लोक जोशींना ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले. १८७७ च्या दिल्ली दरबारात राजेरजवाड्यांच्या झगमगाटात काका खादी लेवून गेले आणि ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचे हक्क त्यांनी मागितले. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचे वकीलपत्र घेण्यासही ते कचरले नाहीत. १८८० साली ते निवर्तले. पुढे १९४७ पर्यंत स्वातंत्र्यासाठी झगडलेल्या काँग्रेसचे पहिले अधिवेशन १८८५ मध्ये याच सभेच्या व्यवस्थेखाली पुण्यात भरायचे होते. पटकीच्या साथीमुळे ते मुंबईस न्यावे लागले.